खाकरून आत

१२ सप्टेंबर

लिफ्ट चांगली आहे. बाकी सगळं अजून बघायचंय.

सातवा मजला. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एवढंसं न्हाणीघर. तिथं हातातून साबण पडला तर तो उचलायला आधी बाहेर यावं लागतं! एक खोली सूनबाई आणि नातीची, एक माझी. सूनबाई म्हणाली, "बाबा, मोठी तुम्ही घ्या." मी नातीला म्हटलं, "भिंगरे, आईला सांग, म्हाताऱ्याला मोठी खोली कशाला, फेऱ्या मारायला?" सूनबाई समोरच उभी होती. भिंगरीनं नेहमीप्रमाणे निरोप पोचवला — "आजोबा नको म्हणतात." मधलं सगळं खाल्लं कार्टीनं.

जन्मभर लिफ्टा दुरुस्त केल्या. नव्या इमारतीत शिरलो की डोळ्यांच्या आधी कान कामाला लागतात. ही तिसऱ्या मजल्यावर किंचित अडखळते. मला जिना चढायची वेळ येत नाही तोवर काही बोलणार नाही.

१३ सप्टेंबर

आमच्या रस्त्याचं नाव मला उच्चारता येत नाही. भिंगरीला एका दिवसात आलं. वर मलाच शिकवते — "आजोबा, जीभ वर न्या." जीभ वर नेली की कवळी खाली येते.

१८ सप्टेंबर

सूनबाईचं काम सुरू झालं. दातांच्या प्रयोगशाळेत. कवळ्या, दातांवरच्या टोप्या, असलं सगळं. तिकडेही हेच करायची, हात चांगला म्हणून इथून बोलावणं आलं. संध्याकाळी आली ती नखांत पांढरी भुकटी घेऊन. डोळे थकलेले, पण चालणं जरा सरळ झाल्यासारखं वाटलं.

माझी कवळीही तिनंच केलेली. लोक सुनेच्या हातचं खातात, मी सुनेच्या दातांनी खातो! हा विनोद माझ्या मुलाला फार आवडायचा. पाहुणे आले की, "बाबा, ते दातांचं सांगा ना." तो गेल्यापासून सांगितला नाही. दोन वर्षांपूर्वी सकाळी कामावर गेला, छातीत कळ आली, संपलं. छत्तिसावं वर्ष. मी अजून असा मधेच थांबतो, लिहितानाही.

२२ सप्टेंबर

लेकीचा फोन. दर रविवारी असतो. "बाबा, मध्ये दादा नाही, आणि सुनेच्या घरी राहायचं? तेही परक्या देशात? बरं दिसतं का ते! माझ्याकडे या."

म्हटलं, दिसायला इथं ओळखीचं आहे कोण? खालची मांजरवाली बाई आणि इमारतीचा किल्लीवाला!

हसण्यावारी नेलं. पण बोलणं मनात राहिलं. मी इथं आलो तो भिंगरीला शाळेतून आणायला. सूनबाईनं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली होती — "मला तिथं एकटीला जमणार नाही, बाबा." काम तेवढंच आहे, पण ते दुसरं कुणी करणार नाही असं मला वाटतं. वाटतं म्हणजे, वाटावं असं वाटतं.

३० सप्टेंबर

शाळेच्या फाटकाशी सगळे आईबाप एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून उभे. कुणी बोलत नाही. मला इथले दोनच शब्द येतात, आभार आणि माफी. दोन्ही एकदमच म्हणून टाकतो. आज एका बाईचं दार धरलं तर दोन्ही म्हणालो. ती हसली. घरी येऊन भिंगरीनं नक्कल करून दाखवली. सूनबाई ओठ दाबून भाजी चिरत राहिली.

८ ऑक्टोबर

आज भानगड झाली!

आमच्या घरात पद्धत आहे. आजोबा करायचे, वडील करायचे, मीही करतो. सून ज्या खोलीत असेल तिथं शिरण्याआधी दाराबाहेर खाकरायचं. बाई जरा आडवी झाली असेल, केस मोकळे असतील, तिला सावरायला वेळ मिळतो. आता सूनबाई घरात पायजमा घालून वावरते, पदर सावरायचा प्रश्न कुठला! पण सवय ती सवय. तिकडचं घर ऐसपैस होतं, दिवसातून चार वेळा खाकरलं की पुरायचं. इथं दोन पावलांवर एकेक दार. स्वयंपाकघराशी खाकरायचं, न्हाणीघराशी खाकरायचं, बाहेरून आलो की मोठ्यानं. लिफ्टचं दार उघडतानाही हल्ली खाकरतो, ते का ते मलाही सांगता येणार नाही.

तर आज किल्लीवाला वर आला. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चेहऱ्यावर काळजी. मांजरवाल्या बाईंनी तक्रार केली होती — वरचा म्हातारा दिवसभर खोकतो, काही साथीचं तर नाही ना? भिंगरीनं मला समजावून सांगितलं. मी म्हटलं, "सांग त्यांना, आजार नाही, आमच्या घरची पद्धत आहे." ती बराच वेळ बोलली, हातवारे करून. किल्लीवाला एक पाऊल मागं सरकला.

"काय सांगितलंस गं?"

"सांगितलं, की आजोबांना हे लहानपणापासून आहे. त्यांच्या आजोबांना पण होतं."

१० ऑक्टोबर

मांजरवाल्या बाई आज लिफ्टमध्ये नाकाला रुमाल लावून. मांजराच्याही नाकाला लावला असता, पण ते ऐकेना.

१५ ऑक्टोबर

सूनबाई रजा काढून मला डॉक्टरकडे घेऊन गेली. शरमेनं अर्धी झाली होती बिचारी. छातीचा फोटो काढला. छाती स्वच्छ. मग डॉक्टरीणबाईंनी घशात दिवा घातला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मुद्दाम खाकरून खाकरून घसा आतून सोलवटलाय म्हणे. असंच चाललं तर आवाज जाईल. खाकरणं बंद. एकदम बंद!

येताना बसमध्ये सूनबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाबा, मला नाही लागत ते."

"काय?"

"ते खाकरणं. मी काही म्हणणार नाही, तुम्ही नुसते आलात तरी."

मी म्हटलं, "भिंगरे, आईला सांग, बघू."

भिंगरी शाळेत होती. शेजारच्या सीटवर एक अनोळखी पोरगा गाणी ऐकत बसला होता. सूनबाईनं मान आणखी खिडकीकडे वळवली, पण तिचे खांदे हलत होते.

२० ऑक्टोबर

दाराशी येतो आणि घोटाळतो. काहीच न करता आत जायचं म्हणजे चोरासारखं वाटतं. चपला आपटत जातो. त्याची तक्रार यायची आहे अजून.

९ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहावं की नाही, दुपारपासून ठरत नाहीये.

शनिवार. भिंगरीला तिच्या मैत्रिणीकडे सोडून मी बागेत चक्कर मारणार होतो. फार गार वारा सुटला म्हणून लवकर परतलो. किल्लीनं दार उघडलं. पायात लोकरीचे मोजे, चपला बाहेर काढलेल्या. काही आवाज झाला नाही.

स्वयंपाकघरात सूनबाई पाठमोरी. एक पाय खुर्चीवर, एका हातात झारा, दुसऱ्यानं फोन कानाशी. आणि हसत होती. मोठ्यानं, मान मागं टाकून, मधेच श्वास घेत. "नाही हो! खरंच असं म्हणाले ते?" आणि पुन्हा हसली.

तो आवाज कुणाचा ते मला आधी कळलंच नाही. घरात दुसरं कुणी आलंय असं वाटलं. माझा मुलगा होता तेव्हा ती अशी हसायची, ते मी विसरून गेलो होतो.

मी पावलं न वाजवता मागं आलो. दार ओढून घेतलं. लिफ्टपाशी जाऊन उभा राहिलो. आणि मग खाकरलो — डॉक्टरीणबाई गेल्या खड्ड्यात! — चांगला दोनदा, मजला दणाणेल असा. मग दार उघडलं.

फोन टेबलावर पालथा. झारा कढईत. "आलात बाबा? चहा टाकते." गाल अजून लाल होते.

किती वेळा हा फोन माझ्या खाकरण्यानं पालथा पडला असेल? मला वाटायचं मी तिला पदर सावरायला वेळ देतो. ती हसू सावरत होती.

१० नोव्हेंबर

राग आला. खोटं कशाला लिहू? माझ्या मुलाची बायको, आणि परक्या माणसाशी हसते! सकाळपासून भिंगरीवर खेकसतोय. मग स्वतःलाच विचारलं, तिनं किती रडायला हवं होतं? अजून एक वर्ष? जन्मभर? मी तरी रोज रडतो का? काल बागेत त्या बदकांच्या भांडणाला मी खदाखदा हसलो होतो.

राग मात्र आहे.

११ नोव्हेंबर

भिंगरीला शाळेतून येताना हळूच विचारलं, "आईला फोन कुणाचे येतात गं?"

"रंगवाल्या काकांचे. ते दातांना रंग देतात, आईच्या तिथंच. ते आपल्यासारखंच बोलतात. आईला बसपर्यंत सोडायला येतात." मग उडी मारून एक डबकं ओलांडलं. "पण ते तुम्हाला सांगायचं नाहीये."

"आई म्हणाली?"

"नाही. माझं मीच ठरवलंय."

या घरात सगळेच एकमेकांना सांभाळतायत. आठ वर्षांची पोरसुद्धा!

१९ नोव्हेंबर

कवळीला तडा गेला. सुका टोस्ट चावताना कट्कन. मी मुद्दाम केलं नाही, देवाशप्पथ. पण गेला तेव्हा फार वाईटही वाटलं नाही.

सूनबाईबरोबर तिच्या कामाच्या ठिकाणी गेलो. लांबलचक खोली, पांढरे दिवे, सगळीकडे मेण वितळल्याचा वास. ट्रेमध्ये ओळीनं जबडे मांडलेले. नुसते वरचे, नुसते खालचे, प्रत्येकाखाली चिठ्ठी. इतक्या लोकांची तोंडं एकदम बघून मला कसंसंच झालं. टेबलाटेबलाशी लोक मान खाली घालून इवल्या ब्रशानं काम करत होते. खिडकीशी तो. चाळिशी ओलांडलेली, चष्मा कपाळावर, भुवयांत भुकटी. मला बघून असा धडपडत उठला की स्टूल पडलं.

"या, काका. बसा. म्हणजे, हे उचलतो, मग बसा."

सूनबाई एकदम आपल्या टेबलाशी जाऊन कामाला लागली, पाठ करून. त्यानं हात पुढं केला, कवळीसाठी. आणि मी तोंडाकडे हात नेला तसा तो वळला. खिडकीबाहेर बघत उभा राहिला, माझा रुमाल तोंडाशी जाईपर्यंत. ते त्याला कुणी शिकवलेलं नसणार. समोरच्याला सावरायला वेळ द्यायचा, हे माणसात असतं किंवा नसतं.

दात नसले की मला बोलता येत नाही. म्हणून मी रुमाल धरून गप्प, आणि तो घाबरून बोलत सुटला! त्याचं लग्न झालं होतं, टिकलं नाही, त्यालाही बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. आई असते तिकडे भावाकडे. स्वयंपाक येतो, म्हणजे भात येतो. हे मी काहीएक विचारलेलं नाही. तडा जुळवताना कवळी उजेडात धरून म्हणाला, "काम फार सुबक आहे, काका. हिरड्यांचा रंग असा कुणाला साधत नाही." सूनबाईची पाठ जरा ताठ झाली.

माणूस वाईट असता तर बरं झालं असतं.

२४ नोव्हेंबर

ठरवलं. मध्ये मी आहे म्हणून ती बोलत नाही. मी नसलो की तिला फोन पालथा टाकायला नको. सासरा डोळ्यांसमोर असताना कुठली बाई पुढचं बघेल? लेकीला कळवलं, येतो. ती खूश. शाळा सुटल्यावर मुलांना बसवायची खोली शाळेतच आहे, तेही भिंगरीकडून काढून घेतलं.

जेवताना म्हणालो, "भिंगरे, आईला सांग, आजोबा महिनाअखेर आत्याकडे जाणार. कायमचे."

भिंगरीनं निरोप दिला नाही. ताटावरून उठून गेली.

सूनबाईनं मान वर केली नाही. पोळी मोडत राहिली, खाल्ली नाही.

२६ नोव्हेंबर

दुपारी पडलो होतो. दाराबाहेर कुणीतरी खाकरलं.

सूनबाई! लवकर घरी आलेली, अंगात अजून कामावरचा डगला. आत आली, पण बसली नाही.

"बाबा, तुम्हाला कळलंय ना?"

मी उठून बसलो.

"त्या दिवशी लिफ्टपाशी खाकरलात, तेव्हाच मला वाटलं होतं. दाराच्या भोकातून पाहिलं, तर चपला आधीच दारात होत्या तुमच्या." तिनं डगल्याच्या बाहीनं नाक पुसलं, लहान मुलीसारखं. "मी आज त्यांना नाही म्हणून सांगितलं. सगळं संपवलं. आता तुम्ही जाऊ नका. हे गेले, आता तुम्हीही जाल, मग मी... मला नाही जमायचं."

आणि गेली. तोंड धुतल्याचा आवाज आला. मग कुकरची शिट्टी.

मी मूर्ख! तिला मोकळी करायला निघालो होतो, आणि तिनं माझं जाणं म्हणजे माझी नाराजी असं धरलं. धरणारच. मी दुसरं काही बोललोय कधी? तिथल्या तिथं म्हणायला हवं होतं, अगं, तसं नाही. जीभ उचलली नाही. इतकी वर्षं या घरात आहे, पण तिच्याशी थेट बोलायचं म्हणजे मला मधे कुणीतरी लागतं. आधी माझी बायको होती, मग मुलगा, आता नात. आज मधे कुणी नव्हतं, तर मी भिंतीकडे बघत बसलो.

२९ नोव्हेंबर

सूनबाई रोज वेळेवर घरी. फोन टेबलावर उताणा पडलेला असतो, वाजत नाही.

२ डिसेंबर

लेकीला सांगितलं, येत नाही. कारण सांगता आलं नाही, ती रुसली.

घर फार शांत आहे. खालून लिफ्ट निघालेली इथवर ऐकू येते. आज मी मुद्दाम जेवताना तो दातांचा विनोद केला. भिंगरी हसली. सूनबाई हसली, म्हणजे ओठ हसले.

५ डिसेंबर

सूनबाईला माहेर उरलेलं नाही. आई लग्नाआधीच गेली होती, वडील लग्नानंतर वर्षाच्या आत. भाऊ नाही. हे मला ठाऊकच होतं, पण आज भिंगरीच्या मागं चालताना पहिल्यांदाच मनात आलं, की तिला अडचण आली तर ती कुणाला सांगत असेल? तर मला. आणि मी ऐकून भिंतीकडे बघतो.

७ डिसेंबर

आज बोललो.

सकाळी सूनबाई ओट्याशी. मी न खाकरता आत गेलो आणि तिला नावानं हाक मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिच्या हातातला चमचा पडला. भिंगरी दूध पिताना तशीच थांबली.

म्हटलं, "मी जात नाही. पण तूही त्याला नाही म्हणायचं नाहीस. माझ्यासाठी तर मुळीच नाही. मला राग आला होता, खरंय. एक दिवस आला. मग मी तुझं हसणं आठवून आठवून ऐकत होतो. मला ते घरात हवंय." एवढं एका दमात. घसा दुखला. रडायला येत होतं, आलंही.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "आता उशीर झाला, बाबा. मी फार तोडून बोलले त्यांना. ते माझ्याकडे बघतही नाहीत, मान खाली घालून काम करतात. आता मी कुठल्या तोंडानं जाऊन सांगू? माझ्याच्यानं नाही होणार."

"पण तुला हवंय ना?"

तिनं भिंगरीकडे पाहिलं. भिंगरी म्हणाली, "आजोबा, आई हो म्हणते."

या वेळी निरोप पूर्ण पोचवला कार्टीनं.

८ डिसेंबर

रविवार. मायलेकी खाली गेल्या. मी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि भिंगरीनं लिहून दिलेल्या नंबरावर रंगवाल्याला फोन लावला. बसून बोलवेना, उभाच राहिलो. त्यानं उचलला, माझं 'हॅलो' ऐकून घाबरल्या आवाजात म्हणाला, "काका? सगळं ठीक आहे ना?"

म्हटलं, "नमस्कार. मी मुलीकडचा बोलतोय."